स्पीडवेचा आंतरराष्ट्रीय रायडर होतो तरी कसा? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर चार गाड्या माती उडवत आडव्या चाललेल्या दिसल्या की आपल्याकडच्या पोरांचे डोळे चमकतात आणि प्रश्न सुरू होतात. हे प्रश्न अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ओळखीपाळखीच्या मंडळींनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काही पोरांचे, काही त्यांच्या आयांचे, एक-दोन गॅरेजवाल्यांचे. मधूनमधून माझं मतही घुसलं आहे, ते ओळखू येईलच.

स्पीडवे म्हणजे बाइकची रेसच ना? मग वेगळं काय?

रेसच, पण छोटी आणि झटपट. मातीचा अंडाकृती ट्रॅक, एका चकरेची लांबी २६० ते ४२५ मीटरच्या दरम्यान. चार रायडर, चार चकरा, घड्याळाच्या उलट दिशेने. म्हणजे कायम डावीकडेच वळायचं. साधारण एका मिनिटात खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. लगेच पुढचे चौघे. एका संध्याकाळी अशा पंधरा-वीस हीट होतात. हेल्मेटवर लाल, निळं, पांढरं किंवा पिवळं कापड चढवलेलं असतं, त्यामुळे उडत्या मातीतही कोण कुठे आहे ते कळतं.

गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच. मागे शॉकअप नाही. दिवा नाही, मीटर नाही, सेल्फ नाही, मागून ढकलून चालू करतात. नियमाप्रमाणे वजन किमान ७७ किलो. दारातल्या स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास आणि ताकद आठ अश्वशक्ती. इथे वजन तिच्याहून कमी आणि ताकद सत्तरच्या घरात. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेली फीत वर गेल्यावर गाडी पुढे का झेपावते, ते या आकड्यांवरून समजेल.

गाडयेक ब्रेकच नाय, मगे थांबतत कसे?

खरंच नाही. पुढे नाही, मागे नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच्या दाबानेच वेग उतरतो आणि रायडर एक जादा चक्कर मारून थांबतो. ब्रेक नसणं इथे उलट सोयीचं आहे. एका हाताच्या अंतरावर चौघे वळणात शिरत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा सरळ त्याच्या अंगावर जाईल. कोणाकडेच ब्रेक नाही म्हटल्यावर सगळ्यांचा अंदाज एकमेकांना येतो.

पडल्यावर गाडी मोकाट सुटू नये म्हणून उजव्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. रायडर गाडीपासून सुटला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं.

वळणावर गाडी आडवी होते तेव्हा ती चालत असते की घसरत असते?

दोन्ही, आणि या खेळाचं सगळं मर्म इथेच आहे. सरळ पट्टी संपताना रायडर गाडी डावीकडे झुकवतो आणि मागचं चाक मुद्दाम मोकळं फिरवतो. चाकाची पकड सुटते, मागचा भाग बाहेर जातो. मग हँडल उजवीकडे आणि गाडी मात्र डावीकडे, असं विचित्र चित्र दिसतं. वळण हँडलने घेतलं जात नाही, ते उजव्या हाताच्या मुठीने घेतलं जातं. ताकद थोडी वाढवली की मागचं चाक आणखी बाहेर, थोडी कमी केली की गाडी सरळ होऊ पाहते. डावा पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि त्या बुटाखाली पोलादी पत्र्याचा सांगाडा बांधलेला असतो, नाहीतर तळवा चार हीटमध्ये झिजून जाईल.

नवशिक्याला पहिल्यांदा सगळ्यात अवघड जातं ते घाबरल्यावर मूठ न सोडणं. रस्त्यावर भीती वाटली की आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि तेच बरोबर असतं. इथे एकदम सोडलात तर मागच्या चाकाला झटक्यात पकड मिळते, गाडी ताडकन उभी होते आणि रायडरला बाहेर फेकते. शरीराला वर्षानुवर्षं जडलेली सवय मोडून उलटी सवय लावायची. म्हणून लहानपणी सुरुवात केलेले पुढे जातात. धाडस दुय्यम आहे. धाडसी पोरं तर आपल्या नाक्यावरही पुष्कळ आहेत.

हा खेळ कुठून आला?

मातीवरच्या बाइक शर्यती त्याआधीही होत, पण १५ डिसेंबर १९२३ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडच्या जत्रामैदानावर जॉनी हॉस्किन्सने भरवलेल्या शर्यतींपासून हा खेळ धरतात. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळ हाय बीच इथे शर्यत झाली आणि इंग्लंड वेडं झालं. पहिली जागतिक स्पर्धा १९३६ साली वेम्बलीत झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या लायनेल व्हॅन प्राघने जिंकली. आज या खेळाची राजधानी मात्र पोलंड आहे. लेश्नो, गोझुव, तोरुन, झेलोना गुरा, लुब्लिन अशा गावांत हा खेळ घरोघरी पोहोचलेला आहे.

जगज्जेता ठरतो कसा?

१९९४ पर्यंत सगळा निकाल एका संध्याकाळी लागायचा. सोळा रायडर, वीस हीट. प्रत्येक जण पाच वेळा उतरायचा आणि दर वेळी तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे पाच हीटमध्ये उरलेल्या पंधराही जणांशी बरोबर एकदा गाठ. ही मांडणी इतकी देखणी आहे की आजही प्रत्येक ग्रां प्रीची मूळ फेरी तशीच असते. पण वर्षभर मरमर केलेली आणि त्या संध्याकाळी चेन तुटली तर सगळंच पाण्यात. १९९५ पासून ग्रां प्री मालिका सुरू झाली: वेगवेगळ्या देशांत फेऱ्या, गुणांची बेरीज, हंगामाअखेर विजेता. मला स्वतःला जुनी पद्धत जास्त आवडते. न्याय नवीत जास्त आहे, हेही तितकंच खरं.

जुन्या पद्धतीत काय व्हायचं याचा नमुना १९७३ चा. पोलंडमधल्या होझुवच्या मैदानात लाखाहून अधिक माणसं. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर तोवर चार वेळा जगज्जेता झालेला, आणि समोर पोलंडचा येझी श्चाकिएल, ज्याच्यावर फार कोणी पैज लावली नसती. दोघांचे गुण सारखे. निकालासाठी दोघांतच एक जादा हीट. त्यात मेजर पडला, श्चाकिएल पुढे निघून गेला आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला.

करिअर सुरू कुठून होतं? कितव्या वर्षी?

युरोपात मुलं शाळकरी वयात छोट्या इंजिनवर बसतात. पुढे २५० सीसी, मग ५००. पोलंडमधले क्लब स्वतःच्या शाळा चालवतात, तिथे गाडी क्लब देतो. वरच्या लीगमध्येही प्रत्येक संघाला ठराविक ज्युनियर रायडर उतरवावेच लागतात, त्यामुळे सतरा-अठराच्या पोराला थेट जगज्जेत्याच्या शेजारच्या गेटवर, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर, उभं राहावं लागतं. मार खातात, पण शिकतात.

त्यानंतर शिडी साधारण अशी: आपल्या देशातली खालची लीग, मग वरची, तिथे सरासरी चांगली राहिली की दुसऱ्या देशातल्या क्लबचं बोलावणं, एकवीस वर्षांखालची जागतिक स्पर्धा, ग्रां प्रीची पात्रता फेरी, आणि शेवटी ग्रां प्री. सरासरी, म्हणजे शर्यतीमागे मिळवलेल्या गुणांची, हा शब्द लक्षात ठेवा. रायडरची किंमत तिच्यावर ठरते. एका दिवसाच्या पराक्रमाने कोणी विचारत नाही. संध्याकाळमागून संध्याकाळ, पावसाने जड झालेल्या ट्रॅकवर आणि कडक वाळलेल्या ट्रॅकवर, दोन-तीन गुण आणत राहणाऱ्याचा फोन वाजतो.

पगार किती मिळतो?

पगार असा नसतो. बहुतेक रायडर स्वतःचेच मालक असतात. क्लबशी करार होतो; काही रक्कम हंगामाच्या सुरुवातीला, बाकी मिळवलेल्या गुणांवर. म्हणून चौथा आलात की त्या हीटपुरते खिशातलेच गेले. सांघिक सामन्यात आपल्याच साथीदाराच्या मागोमाग येऊन दोघांनी मिळून गुण आणले तर मागच्याला एक बोनस गुण धरतात, म्हणजे साथीदाराला मागे टाकायला जीव काढायची गरज राहत नाही. ही सोय ज्याने काढली त्याला माणसाचा स्वभाव कळला होता.

आता खर्च. गाड्या स्वतःच्या, एकाहून जास्त. इंजिनं ठराविक हीटनंतर उघडून पुन्हा बांधावी लागतात. टायर एका संध्याकाळीच खलास होतात. मेकॅनिकचा पगार, व्हॅन, डिझेल, विमानाची तिकिटं. अंगातल्या सूटवरचे जाहिरातदार हा सगळा भार उचलतात, त्यामुळे रायडरला गाडीइतकंच गोड बोलताही यावं लागतं. पैसा सर्वाधिक पोलंडच्या वरच्या लीगमध्ये आहे, आणि ग्रां प्री खेळणारे बरेच जण त्या लीगच्या जोरावरच बाकी उठाठेव करतात.

वर्ष कसं जातं? घरी कधी येतात?

हंगाम मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. आठवडा ढोबळमानाने असा: सोमवारी इंग्लंड, मंगळवारी स्वीडन, बुधवारी डेन्मार्क, गुरुवारी पुन्हा इंग्लंड, शुक्रवारी पोलंड, शनिवारी ग्रां प्री, रविवारी परत पोलंड. सगळेच सगळीकडे खेळत नाहीत, पण दोन-तीन देशांच्या लीग धरणारे पुष्कळ. रायडर विमानाने जातो; मेकॅनिक रात्रभर व्हॅन हाकत गाड्या पोहोचवतो. ऑस्ट्रेलियन रायडरांचा तर हिवाळाही सुटा नाही, त्यांची राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीच्या सुमारास असते.

हे जगणं कोकणाला नवीन नाही. घरातला मुलगा बोटीवर असला की घर जसं चालतं, कराराचे महिने मोजत, तसंच रायडरच्या घरचं. फरक इतकाच की बोटीवरचा एखाद्या वर्षी गणपतीला घरी सापडतो. स्पीडवेवाल्याची गणपतीच्या दिवसांत हंगामाची शेवटची, सगळ्यात महत्त्वाची धावपळ चालू असते. शिमग्याचंही नक्की नाही. दिवाळी तेवढी हक्काची.

सगळ्यात मोठं करिअर कुणाचं मानायचं?

सहा जागतिक किताब तिघांकडे आहेत आणि तिघांच्या गोष्टी तीन तऱ्हेच्या.

आयव्हन मेजर १९३९ साली ख्राइस्टचर्चला जन्मला. १९५७ साली, सतराव्या वर्षी, नुकतंच लग्न झालेलं, बायकोला घेऊन बोटीने इंग्लंडला गेला. विम्बल्डनच्या संघात जम बसला नाही. परत न्यूझीलंडला. पुन्हा तयारी करून १९६३ साली न्यूकॅसलच्या संघात आला आणि या वेळी टिकला. पहिला जागतिक किताब १९६८ साली, म्हणजे पहिल्यांदा घर सोडल्यानंतर अकरा वर्षांनी. मग १९६९ आणि १९७० मिळून ओळीने तीन. तिसरा जिंकलास तर तुझी गाडी सोन्याने मढवू असं अमेरिकेतल्या दोन चाहत्यांनी म्हटलं होतं, आणि त्यांनी ती खरोखर मढवली. पुढे १९७२, १९७७, आणि शेवटचा १९७९ साली त्याच होझुवमध्ये, जिथे सहा वर्षांपूर्वी तो पडला होता. तेव्हा वय ३९.

मेजरच्या अंगात इतरांपेक्षा जास्त धाडस होतं असं कोणी म्हणत नाही. तो तयारीने यायचा. ट्रॅक पायी फिरून बघायचा, गेटजवळची माती कुठे भुसभुशीत आणि कुठे टणक ते तपासायचा, गाड्या आणि कपडे चकचकीत ठेवायचा. ज्या काळात बरेच रायडर हौसेखातर खेळत, त्या काळात तो हे काम धंद्यासारखं करायचा. माझ्या मते कोकणातल्या पोराने पोस्टर लावायचंच तर याचं लावावं, कारण तोही खेळाच्या मुख्य ठिकाणापासून अर्धी पृथ्वी दूर जन्मलेला होता.

स्वीडनचा टोनी रिकार्डसन दुसरा. १९९४ ची शेवटची एका संध्याकाळची स्पर्धा त्याने जिंकली आणि नंतर ग्रां प्रीच्या जमान्यात १९९८, १९९९, २००१, २००२, २००५ असे पाच किताब. पद्धत बदलली, तो बदलला नाही.

तिसरा पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक: २०१९, २०२०, मग २०२२ पासून २०२५ पर्यंत ओळीने चार. २०२३ ची हकीकत ऐकण्यासारखी. डेन्मार्कमध्ये वोयेन्सच्या फेरीआधीच्या पात्रता सत्रात तो चुकीचा सूट घालून उतरला, नियमानुसार ठरलेला तो नव्हता, आणि त्याला अख्ख्या फेरीतून बाद केलं. हातात आल्यासारखा किताब तोरुनच्या शेवटच्या फेरीपर्यंत लटकला. अखेर जिंकला. २०२५ साली तर ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झपेक्षा फक्त एक गुण जास्त. वर्षभराच्या शर्यतींनंतर एक गुण! म्हणून पहिल्या फेरीतल्या तिसऱ्या क्रमांकासाठीसुद्धा हे लोक जीव तोडून भांडतात.

मी आई म्हणून विचारते. किती धोका आहे? खरं सांगा.

खरंच सांगतो, ताई. धोका आहे आणि तो छोटा नाही. कॉलरबोन, मनगट, पाय मोडणं हे रायडरांच्या आयुष्यात अधूनमधून होतंच. त्याहून वाईटही होतं. २०१२ साली इंग्लंडचा ली रिचर्डसन पोलंडमध्ये व्रोत्सवाफला झालेल्या अपघातात गेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड, वय अवघं २३, झेलोना गुराला पडला आणि त्याच्या मणक्याला कायमची इजा झाली. तीन वेळचा जगज्जेता ताय वॉफिंडन २०२५ च्या मार्चमध्ये क्रोस्नोला इतका जबर जखमी झाला की त्याला काही दिवस औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. २०१० चा जगज्जेता तोमाश गोलोब स्पीडवेत नव्हे, २०१७ साली मोटोक्रॉसच्या, म्हणजे उंचसखल मातीवरून उड्या घेत जायच्या शर्यतीच्या, सरावात पडला आणि त्याचे पाय गेले.

सुरक्षाही वाढली आहे. मोठ्या स्पर्धांत वळणांवर हवेने भरलेलं कुंपण असतं, मनगटाची दोरी आहे, पाठीला आणि मानेला संरक्षक कवच आहे, डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर नसेल तर हीट सुरूच होत नाही. तरीही धोका नाही असं जो म्हणेल त्याच्या हाती मुलगा देऊ नका. एक मात्र बघा: तोच मुलगा हेल्मेट न घालता रात्री महामार्गावर गाडी पिटाळतो, तिथे समोरून ट्रक येतो आणि कुंपण हवेचं नसतं.

आपल्याकडे याचा ट्रॅक आहे का?

कोकणात नाही, आणि भारतात स्पीडवेची लीगही नाही. त्यामुळे "इथेच राहून स्पीडवे रायडर" ही वाट आज बंद आहे. पण शेजारच्या वाटा उघड्या आहेत.

सगळ्यात जवळची फ्लॅट ट्रॅक. तीही मातीवरची, डावीकडे वळणारी, पोलादी बुटाची. बंगळुरूहून कोलारकडे जाताना सी. एस. संतोषने उभारलेल्या डर्टपार्कमध्ये रॉयल एनफिल्डची स्लाइड स्कूल सुरू झाली. तिथे बदल केलेल्या हिमालयनवर गाडी आडवी घालायला शिकवतात. संतोष म्हणजे २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. दुसरी वाट मोटोक्रॉस-सुपरक्रॉसची. तिचं आपल्याला सगळ्यात जवळचं ठिकाण पुणे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीतच झाली. तिथे उड्या असतात, ब्रेक असतात, वळणं दोन्ही बाजूंना असतात, पण स्टार्ट, तोल आणि दमसास तिथेच कमावता येतो.

परवान्यासाठी एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांची राष्ट्रीय संघटना. परदेशात उतरायचं तर आंतरराष्ट्रीय परवानाही तिच्याच मार्फत. त्यापुढे परदेशी क्लबचं बोलावणं, कामाचा परवाना, व्हिसा. बोलावण्याआधी स्वखर्चाने जाऊन तिथल्या सराव शिबिरात भाग घेणारे परदेशी रायडर असतात. पहिला भारतीय बहुधा असाच कोणीतरी असेल, आणि त्याच्या घरचे तेव्हा त्याला वेड्यात काढत असतील.

आमच्या किनाऱ्यावर सराव केला तर? नाहीतर सड्यावर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझं उत्तर दोन्हींना नाही असंच आहे.

किनाऱ्याची गोष्ट आधी. ओहोटीला वाळू टणक होते, मोह होतो, कबूल. पण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटी वाळूखाली असतात, दिसत नाहीत, आणि चाकाखाली गेली की संपली. शिवाय माणसं फिरायला येतात, पोरं खेळतात. किनाऱ्यावर गाडी घालण्यावर बऱ्याच ठिकाणी बंदीही आहे. आणि खारं पाणी बेअरिंग, चेन, रिम सगळं खातं. नंतर गोड्या पाण्याने कितीही धुवा.

सडा तर त्याहून नाजूक. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी इथल्या जांभ्याच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बरीच अजून गवताखाली झाकलेली आहेत. मोकळा सडा बघून गाडी फिरवणाऱ्याला आपण कशावरून गेलो ते कळतही नाही. शिवाय जांभा म्हणजे स्पीडवेची माती नव्हे. तिथे दगडाचा बारीक चुरा आणि माती यांचा मऊ थर लागतो, त्याला पाणी मारतात, दर काही हीटनंतर ट्रॅक्टरने सारखा करतात. जांभ्यावर पडलात तर किसणीवर पडल्यासारखं सोलून निघाल.

स्वतःच्या मालकीचं माळरान असेल, आजूबाजूला वस्ती नसेल, तर शंभर-दीडशे सीसीची हलकी गाडी घेऊन दोन ड्रमांभोवती हळू वेगात गोल फिरायला शिका. पूर्ण संरक्षक कपडे आणि सोबत मोठं माणूस हवंच. वेगाची गरज नाही. वीसच्या वेगालाही मागचं चाक सोडता येतं. जूनपासून ते बंद, कारण आपल्या पावसात त्याचा चिखल होतो. पाऊस पोलंडलाही चुकलेला नाही. तिथल्या वरच्या लीगमध्ये सामन्याआधी अख्ख्या ट्रॅकवर ताडपत्री घालतात. पावसाळ्याआधी घर शाकारणाऱ्याला ती ताडपत्री बघून जरा बरं वाटतं.

माझं चिपळूणला गॅरेज आहे. मेकॅनिक म्हणून या खेळात जागा आहे का?

आहे, आणि माझ्या मते रायडरपेक्षा ही वाट जास्त खरी आहे. प्रत्येक रायडरला मेकॅनिक लागतो, कधी दोन. दोन हीटच्या मधल्या थोड्या मिनिटांत गाडी धुणं, टायर फिरवणं किंवा बदलणं, क्लचच्या प्लेटी बघणं, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, बदलून गाडी ट्रॅकप्रमाणे जड-हलकी करणं, हे सगळं करावं लागतं. ट्रॅक ओला आहे की कोरडा, त्यावर दातांची संख्या ठरते, आणि ती नुसत्या पुस्तकातून येत नाही, कानाने आणि नजरेने येते. इंजिन बांधणारे ट्यूनर ही आणखी वरची जमात. चांगल्या ट्यूनरचं नाव रायडर दबक्या आवाजात घेतात.

जुन्या जावा-येझदीवर हात बसलेला असेल तर गंमत वाटेल: मैसूरला ज्या जावाची आवृत्ती बनायची, त्याच चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या नावाने दिविशोवच्या कारखान्यातून स्पीडवेच्या गाड्या जगभर गेल्या. आज इटलीच्या जीएम इंजिनांचा जोर आहे.

मिथेनॉल माझ्या गाडीत घालून बघू का?

नाही. कार्ब्युरेटरचे जेट, कॉम्प्रेशन, रबरी नळ्या सगळं वेगळं लागतं. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि ते पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो किंवा मरतो. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच.

मुलींना चालतं का?

चालतं. मुलगे-मुली एकाच हीटमध्ये उतरू शकतात. संख्या अजून कमी आहे. मातीवरच्या शर्यतींत आपल्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ साली बाहा प्रकारातला, म्हणजे मोकळ्या रानातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा, महिलांचा जागतिक चषक जिंकला, तेव्हा "मुलीने कशाला" हा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

करिअर संपतं कधी?

शरीर सांगतं तेव्हा. पण वयाचा धसका घेऊ नका; अमेरिकेचा ग्रेग हॅनकॉक चौथ्यांदा जगज्जेता झाला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. उलट त्याचाच देशबांधव ब्रूस पेनहॉल १९८२ साली लॉस एंजेलिसला दुसऱ्यांदा किताब जिंकून तिथेच निवृत्त झाला आणि टीव्ही मालिकेत कामाला लागला. तेव्हा तो पंचविशीत होता. इंग्लंडमध्ये दहा वर्षं टिकलेल्या रायडरसाठी खास सामना भरवून त्याचं उत्पन्न त्याला द्यायची रीत आहे. नंतर कोणी संघ चालवतो, कोणी इंजिनं बांधतो, कोणी समालोचन करतो.

शाळा सोडून यात पडू का?

नको. करार इंग्रजीत असतो, हिशेब स्वतःलाच ठेवावा लागतो. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स मात्र दोन्ही बाजूंनी कामी येईल.

पहिल्यांदा शर्यत बघायला बसलो तर काय बघू?

युरोपातली संध्याकाळी सातची शर्यत उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला दिसते, त्यामुळे जेवण उरकून बसा. पुढे असलेल्याकडे बघू नका. तो जिंकणारच असतो. फीत वर जायच्या आधी चौघांची पुढची चाकं बघा, कोण किंचित मागे घेतो, कोण फितीला चिकटून उभा राहतो. फितीला धक्का लागला की स्पर्धेप्रमाणे बाद, नाहीतर पंधरा मीटर मागून सुरुवात. मग नजर पहिल्या वळणावर ठेवा. आतल्या गेटचा माणूस जवळून जातो पण वेग मोडतो, बाहेरच्याला लांबचा पल्ला पडतो पण वेग टिकतो. चार-पाच हीट झाल्या की आतली माती उडून बाहेरच्या कडेला साचते आणि तिथे पकड वाढते. त्यानंतर कोणी एकटा कुंपणाला घासून बाहेरून निघाला, तर त्याच्याकडे बघत राहा.